प्रिंटर बिघडलेला नसतो तेव्हा

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलाशेजारी, गृहनिर्माण सोसायटीच्या ऑफिसात एक छोटा लेझर प्रिंटर आजही हमखास दिसतो. एक तर एचपीचा लेझरजेट १०२०, नाहीतर कॅननचा एलबीपी २९००. दोन्ही मॉडेलं २००५च्या आसपासची. आतली छपाईची यंत्रणा दोन्हींत कॅननच्याच घडणीची, त्यामुळे एकाचं १२ए आणि दुसऱ्याचं ३०३ ही कार्ट्रिजं दुकानदार सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. टोनर भरून देणारा माणूस तालुक्याच्या गावातही मिळतो. कागद ओढणारा रोलर मिळतो, फ्यूजरची फिल्म मिळते. म्हणूनच ही यंत्रं इतकी वर्षं टिकली.

मग कधीतरी कॉम्प्युटर बदलतो किंवा विंडोज नवं टाकलं जातं, आणि इतकी वर्षं चाललेला प्रिंटर यादीतून नाहीसा होतो. ‘प्रिंटर गेला, आता नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. मला हा सल्ला फार घाईचा वाटतो. ड्रमवर लेझरने अक्षर उमटवणं, त्यावर टोनर धरणं, तो उष्णतेने वितळवून कागदावर पक्का करणं, ही कामं ते यंत्र काल करत होतं आणि आजही करू शकतं. तुटलेला असतो तो प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांच्यातला संवाद. तो नेमका कुठे तुटला हे घरबसल्या शोधता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

‘कॉम्प्युटर प्रिंटरला ओळखत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्यासाठी यूएसबीची वायर जोडल्यावर पहिल्या सेकंदात काय घडतं ते पाहू. या वायरीत मूळ चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. प्रिंटर चालू होताच माहितीच्या एका तारेवर दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ३.३ व्होल्टचा दाब ठेवतो. तेवढ्यावरून कॉम्प्युटरला समजतं की पलीकडे काहीतरी जोडलं गेलं आहे. तो रीसेटचा संकेत पाठवतो, त्या यंत्राला १ ते १२७ यांमधला एक पत्ता देतो आणि १८ बाइटची एक नोंद मागून घेतो. त्या नोंदीत कंपनीचा क्रमांक असतो (एचपीचा ०३एफ०, कॅननचा ०४ए९, एप्सनचा ०४बी८) आणि मॉडेलचा क्रमांक असतो. पुढच्या नोंदींतून हे यंत्र कुठल्या वर्गातलं तेही कळतं. प्रिंटरांचा वर्ग ७. इथपर्यंत कंपनीच्या ड्रायव्हरचा काहीही संबंध आलेला नाही. सगळी देवाणघेवाण यूएसबीच्या ठरलेल्या नियमांनी झाली. ड्रायव्हर शोधायची पाळी त्यानंतर येते.

म्हणून पहिल्यांदा प्रिंटर एकटा तपासावा. डेटाची वायर काढून ठेवावी, वीज द्यावी आणि काय होतं ते पाहावं. रोलर फिरून थांबतात का? तयारीचा हिरवा दिवा लागतो का? डॉट मॅट्रिक्स असेल तर एलएफ-एफएफचं बटण दाबून धरून स्विच चालू केल्यावर बहुतेक मॉडेलं स्वतःहून अक्षरांच्या ओळी छापू लागतात. पुष्कळ लेझर प्रिंटरांवरचं एकुलतं एक बटण काही सेकंद धरलं की चाचणीचं पान बाहेर येतं. लेझरजेट १०२०वर बटणच नाही, नुसते दोन दिवे आहेत. याचं कारण पुढे येईल.

प्रिंटर एकटा ठीक असेल तर वायर जोडावी आणि विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडून यादीकडे लक्ष ठेवावं. सगळं निदान इथेच होतं.

पहिली शक्यता: वायर जोडूनही यादी हललीच नाही, आवाज आला नाही, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नये. विजेच्या पातळीवरच काही पोचलेलं नाही. आधी वायर बदलावी. यूएसबी २ची वायर पाच मीटरपेक्षा लांब असू नये असा दंडक आहे. दुकानात टेबलं हलवताना जोडवायरी लावून ती नकळत लांबत जाते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट आतल्या बारीक वायरीने बोर्डाला जोडलेलं असतं, त्यापेक्षा मागचं पोर्ट भरवशाचं. मधला हब काढावा. निळ्या पोर्टात जोडलं असेल तर काळ्यात जोडून पाहावं. काही जुने प्रिंटर यूएसबी ३च्या पोर्टावर अडखळतात. प्रिंटरच्या मागचं चौकोनी सॉकेटही वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने सैल होतं. कोकणात आणि किनाऱ्यालगत दमट हवेने त्याच्या पिना गंजतात, तेही पाहावं.

अर्थिंगकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. जुन्या घरांत, भाड्याच्या गाळ्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. अशा ठिकाणी कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्या धातूच्या भागांवर वेगवेगळा दाब साठतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यानेच. दोन्ही यंत्रं चालू असताना वायर खुपसली की तो दाब माहितीच्या नाजूक तारांतून वाट काढू शकतो आणि पोर्ट जळतं. वळवाच्या पावसात कडाडून वीज पडल्यानंतर ‘प्रिंटर दिसत नाही’ अशी तक्रार आली तर संशय इथेच घ्यावा. अर्थिंग तपासून मिळेपर्यंत निदान वायर जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवण्याची सवय लावावी.

दुसरी शक्यता म्हणजे यादीत ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असं दिसतं आणि कंसात ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असा शेरा असतो. कॉम्प्युटरला पलीकडचं यंत्र जाणवलं, पण मागितलेली १८ बाइटची नोंद धड आली नाही, असा याचा अर्थ. संशयित तेच, वायर आणि पोर्ट. शिवाय प्रिंटरमधलं कार्ड, ज्याला दुरुस्तीवाले फॉरमॅटर म्हणतात. इथे दुसऱ्या कॉम्प्युटरची मदत घ्यावी. तिथेही हाच शेरा आला तर कार्ड तपासायला द्यावं. लोकप्रिय मॉडेलांची जुनी कार्डं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळतात आणि ती बसवणं हे काही मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हर दहा वेळा टाकून हा दोष जाणार नाही.

तिसरी शक्यता खरं तर आनंदाची. यादीत प्रिंटरचं नाव येतं, पण शेजारी पिवळा त्रिकोण असतो. प्रिंटर जिवंत आहे, वायर ठीक आहे, नाव-गाव नीट सांगितलं गेलं आहे. फक्त त्याच्याशी बोलू शकणारा ड्रायव्हर या कॉम्प्युटरकडे नाही.

चौथीत सगळं जागच्या जागी दिसतं, तरी प्रिंट निघत नाही. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, किंवा त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लागलेली दुसरी नोंद तयार झालेली असते. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरांच्या नोंदीत अनुक्रमांक नसतो. मग तोच प्रिंटर दुसऱ्या पोर्टात लावला की विंडोज त्याला नवा समजतं, यूएसबी००१ऐवजी यूएसबी००२ असं पोर्ट देतं, आणि आपण मात्र जुन्याच नोंदीला प्रिंट पाठवत राहतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्सच्या पानावर बरोबर पोर्टावर खूण केली की काम होतं. अडकलेली जुनी प्रिंट मागच्या सगळ्यांची वाट अडवत असेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंटची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवावा, सिस्टिम३२मधल्या स्पूल फोल्डरच्या आतलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर रिकामं करावं आणि स्पूलर पुन्हा चालू करावा. २०२०च्या जूनमध्ये विंडोज १०मध्ये असाही दोष होता की प्रिंटर बंद ठेवून कॉम्प्युटर सुरू केला तर यूएसबीचं प्रिंटर पोर्टच यादीतून गायब होई. मायक्रोसॉफ्टने तेव्हा तात्पुरता उपाय सुचवला तो एवढाच की आधी प्रिंटर चालू करा, मग कॉम्प्युटर. पोर्ट सापडत नसेल तेव्हा हा उपाय करून पाहायला काही लागत नाही.

आता त्या पिवळ्या त्रिकोणाकडे पुन्हा वळू, कारण जुन्या प्रिंटरांचं खरं दुखणं तिथे आहे.

ड्रायव्हर हा दुभाषा. कागदावर जे हवं ते विंडोज आपल्या पद्धतीने सांगतं, आणि प्रिंटरला कळेल अशा भाषेत ड्रायव्हर ते उतरवतो. प्रिंटरच्या भाषा पूर्वीपासून ठरलेल्या आहेत. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सची ईएससी/पी, एचपीची पीसीएल, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. पहिला लेझरजेट १९८४चा. पोस्टस्क्रिप्ट वापरणारा ॲपलचा लेझररायटर १९८५चा. या प्रिंटरांच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी होती. ‘या जागी हे अक्षर, एवढ्या आकाराचं’ अशी आज्ञा मिळाली की बिंदूंचं चित्र ते स्वतः तयार करत. त्यामुळे ते महाग होते.

नव्वदच्या दशकात घरगुती कॉम्प्युटर वेगवान झाले, तेव्हा उत्पादकांनी हिशेब मांडला की बिंदूंचं चित्र तयार करायचं काम कॉम्प्युटरवरच सोपवलं तर प्रिंटरमधली मेमरी आणि प्रोसेसर वाचतील. अशा प्रिंटरांना होस्ट-बेस्ड म्हणतात. एलबीपी २९०० त्यातलाच. त्याची बोली कॅननची खासगी, कॅप्ट नावाची. लेझरजेट १०२०मध्ये मेमरी फक्त २ एमबी आहे, आणि काटकसर याहून पुढे गेली आहे. आपलं काम कसं करायचं हे सांगणारं फर्मवेअरही तो स्वतःजवळ कायमचं ठेवत नाही. दर वेळी वीज दिल्यावर ते कॉम्प्युटरकडून पाठवावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर हे गुपचूप करतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. या प्रिंटरवर चाचणीचं बटण का नाही ते आता कळेल.

या काटकसरीमुळे लेझर प्रिंटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच वेळी यंत्राचं आयुष्य ड्रायव्हरच्या आयुष्याला बांधलं गेलं. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा १९९८चा जाडजूड ऑफिस-प्रिंटर आजच्या विंडोजवर सार्वत्रिक ड्रायव्हरने चालू शकतो, आणि त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण असलेला स्वस्त प्रिंटर मात्र अडतो. जुना प्रिंटर विकत घेताना लोक टोनरची किंमत विचारतात. त्याला कुठली भाषा येते हेही विचारायला हवं. माहितीपत्रकात पीसीएल ५ई, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट असा उल्लेख दिसला तर निर्धास्त राहावं.

बरोबर आलेली मूळ सीडी जपून ठेवली असेल तरी ती बहुधा उपयोगी पडणार नाही. एक्सपीच्या काळातले ड्रायव्हर ३२-बिटचे होते. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं, आणि ६४-बिट विंडोज डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घेत नाही. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते पाहावं. विंडोज ११चा नसेल पण विंडोज १० किंवा ८चा ६४-बिट असेल, तर तोही बऱ्याचदा चालतो. शोधताना पहिल्या ओळीत झळकणाऱ्या ‘प्रिंटर हेल्पलाइन’च्या नंबरांना फोन करू नये आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकटचे प्रोग्राम टाकू नयेत. अडलेल्या माणसाकडून पैसे किंवा कॉम्प्युटरचा ताबा काढून घेणारे याच वाटेवर बसलेले असतात.

ड्रायव्हर टाकण्याआधी मागचे अर्धवट अवशेष काढणं फार महत्त्वाचं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडून ड्रायव्हर्सच्या पानावरून जुनी नोंद पॅकेजसकट काढावी, वायर सोडवावी, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. मग सेटअप चालवावा आणि ‘आता प्रिंटर जोडा’ असं तो सांगेल तेव्हाच वायर लावावी. त्या काळच्या बहुतेक प्रिंटरांच्या पुस्तिकेत हीच ताकीद आहे, आणि आपण उत्साहाने आधी वायर लावतो. सेटअप मिळालाच नाही तर आणखी एक रस्ता आहे. प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्यावा, पोर्ट म्हणून यूएसबी००१ निवडावं आणि कंपन्यांची यादी येते त्या खिडकीतलं ‘विंडोज अपडेट’चं बटण दाबावं. यादी भरायला बराच वेळ लागतो, स्क्रीन गोठल्यासारखी वाटते, पण थांबलं तर पुष्कळ जुनी मॉडेलं त्यात सापडतात.

हा रस्ता पुढे अरुंद होत जाणार आहे. कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून वाटणं टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. आधीचे ड्रायव्हर लगेच बंद पडतील असं त्यात नाही, आणि कंपनीकडून घेतलेला सेटअप टाकताही येतो. पण कल आयपीपी या समान भाषेकडे आहे, जी नव्या प्रिंटरांना येते आणि आपल्या जुन्यांना येत नाही. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आला आहे. तो चालू केला की बाहेरच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून निघून जातात. तो मुळात बंद असतो, पण प्रिंटर अचानक नाहीसा झाला असेल तर कोणी तो चालू केला आहे का ते पाहावं. स्नॅपड्रॅगनसारख्या आर्म प्रोसेसरचा लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर आधीच चौकशी करावी, कारण त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि जुन्या प्रिंटरांसाठी तो बहुधा कोणी लिहिलेलाच नसतो.

या बदलामागे नुसता विक्रीचा हेतू आहे असं मला वाटत नाही. २०२१च्या जून-जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही भयंकर फट उघड झाली. तिच्यातून परका माणूस अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. ती बुजवताना नियम कडक झाले, आणि एका कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर साऱ्या ऑफिसने वापरण्याची आपली पद्धत जागोजागी कोलमडली. क्रमांकाच्या शेवटी ‘११बी’ असलेली चूकही त्याच वर्षीची. रजिस्ट्रीत बदल करून ती सुरक्षा बंद करायचा तोडगा अनेक जण सुचवतात. तो करू नये. सगळे कॉम्प्युटर अद्ययावत केले की ही अडचण बहुतेक वेळा सुटते.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांचं दुखणं निराळं. कार्बन लावून तीन प्रती एकदम काढायच्या तर आजही त्याला पर्याय नाही, म्हणून औषधांच्या दुकानांत आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत तो टिकून आहे. नव्या कॉम्प्युटरला २५ पिनांचं पॅरलल पोर्ट नसतं. यूएसबीचं रूपांतर करणारी वायर मिळते, पण तिने एलपीटी१ नाही, यूएसबी००१ तयार होतं, आणि डॉसमधला जुना बिलिंगचा प्रोग्राम एलपीटी१च शोधत बसतो. प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ हे नाव त्या शेअरला जोडून दिलं की बऱ्याच वेळा बिल छापलं जातं. नेमका ड्रायव्हर नसेल आणि प्रिंटर एप्सनची भाषा जाणत असेल, तर ९ पिनांच्या हेडसाठी एप्सन एफएक्स आणि २४ पिनांच्या हेडसाठी एप्सन एलक्यू मालिकेचा ड्रायव्हर निवडावा. ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ निवडलं तर आकडे आणि रोमन अक्षरं निघतील, देवनागरी निघणार नाही, कारण मराठी मजकूर अशा प्रिंटरकडे चित्र म्हणूनच पाठवावा लागतो.

विंडोजने दार लावलंच तरी लिनक्सचं दार उघडं असतं, आणि तिथे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. लेझरजेट १०२०ची बोली स्वयंसेवकांनी उकलून फूटूझेडजेएस नावाचा ड्रायव्हर लिहिला. एलबीपी २९००साठी कॅप्टड्रायव्हर हा असाच खुला प्रकल्प आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर कप्स ही छपाईची प्रणाली बसवून प्रिंटर त्याला जोडला, की घरातले नवे लॅपटॉप आणि फोन वायफायवरून त्यावर छापू शकतात; त्यांना जुन्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. हे जमवायला थोडी चिकाटी लागते. नाहीतर जुना विंडोजचा कॉम्प्युटर फक्त छपाईसाठी ठेवावा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, त्यामुळे अशा कॉम्प्युटरला इंटरनेटपासून तोडून पेन ड्राइव्हने फाइली न्याव्यात, आणि त्या पेन ड्राइव्हची तपासणी करत राहावी.

फॉरमॅटर गेलेला, कार्ड मिळत नाही, फ्यूजरही थकलेला, अशी वेळ आली तर मात्र अडून बसू नये. प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजं ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांत येतात. भंगारवाल्याकडे न टाकता नोंदणीकृत केंद्राकडे द्यावीत. टोनरची बारीक भुकटी उघड्यावर झटकू नये.

आणि ज्यांचा प्रिंटर आज नीट चालतो आहे, त्यांनी एक काम आजच करावं. कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर आहे तोवर तो सेटअप उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवावा. मॉडेलचं पूर्ण नाव, ड्रायव्हर कुठल्या विंडोजचा, ३२-बिट की ६४-बिट, आणि कॉम्प्युटरच्या कुठल्या पोर्टात वायर लावलेली आहे, एवढं कागदावर लिहून तो कागद चिकटपट्टीने प्रिंटरच्या तळाशी लावून ठेवावा.